१९१० ची फायनल, बिननंबरी जर्सी आणि निलंबनं: जुन्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधली मारामारी

सीमारेषा

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या जुन्या काळाबद्दल दोन मतं हमखास कानावर पडतात. एक म्हणजे 'तेव्हा नियमच नव्हते, नुसती झोंबाझोंबी'. दुसरं, 'तेव्हाचे लोक सभ्य होते, मारामाऱ्या नंतर आल्या'. दोन्ही चुकीची आहेत, म्हणून हा धागा.

नियम पहिल्यापासून होते. १७ मे १८५९ ला मेलबर्न क्लबच्या मंडळींनी दहा कलमं लिहून काढली. त्यात टॉम विल्स, हॅमर्स्ली, थॉम्पसन आणि स्मिथ ही नावं महत्त्वाची. सातव्या कलमात पायात पाय घालून पाडायला आणि ढकलायला परवानगी होती. मात्र समोरचा जोरात धावत असला पाहिजे किंवा त्याच्याकडे बॉल असला पाहिजे. नडगीवर लाथा मारणं, म्हणजे 'हॅकिंग', मात्र साफ बंद. इंग्लंडमधल्या काही शाळांत हेच हॅकिंग मर्दानगीचं लक्षण समजत, आणि विल्स स्वतः रग्बी शाळेतून शिकून आलेला. तरी मेलबर्नला ते चाललं नाही, कारण इथे खेळणारे शाळकरी पोरं नव्हते, सोमवारी कामावर जाणारे बाप्ये होते. पाय घालून पाडणंही पुढच्याच वर्षी, १८६० ला, बंद झालं.

म्हणजे काय करायचं नाही हे माहीत होतं. प्रश्न होता तो केल्यावर काय होणार, आणि कोणी केलं हे ठरवणार कोण. माझं म्हणणं असं की पहिल्या पन्नास-साठ वर्षांतल्या बहुतेक भानगडी या दुसऱ्या प्रश्नातून आल्या. मुद्दे टाका, चुका काढा.

बिनशिट्टीचा पंच

सुरुवात चांगली. पण एक गोष्ट आधी स्पष्ट हवी, नाहीतर सॉकर बघणारे गोंधळतात: या खेळात वरच्या पातळीवर खेळाडूला मैदानाबाहेर काढत नाहीत. व्हीएफएलमध्ये (व्हिक्टोरियन फुटबॉल लीग, तेव्हाची वरची लीग) नव्हतं, तिच्यातूनच झालेल्या आजच्या एएफएलमध्येही नाही. खालच्या लीगमध्ये पिवळी-लाल कार्डं आहेत, ती वेगळी गोष्ट.

साधारण क्रम असा:

१) अंपायरला गुन्हा दिसला की त्या क्षणाची शिक्षा म्हणून समोरच्याला फ्री किक.
२) गुन्हा गंभीर असेल तर तो खेळाडूला सांगतो की तुझा रिपोर्ट करतोय.
३) खेळाडू खेळत राहतो. हवं तर पुढच्याच मिनिटाला गोल मारतो.
४) मॅचनंतर लेखी रिपोर्ट लीगकडे जातो.
५) पुढच्या मॅचच्या आत सुनावणी. अंपायर सांगतो काय पाहिलं, आरोपी सांगतो काय झालं, आणि मार खाल्लेला बहुतेक वेळा सांगतो की मला काही आठवत नाही.

पाचव्या पायरीवर सगळं अडतं. मैदानातलं मैदानात, हा खेळाडूंचा अलिखित कायदा. विरोधी संघाच्या माणसाला निलंबित करवलं तर पुढच्या मोसमात त्याच्याच क्लबविरुद्ध दोनदा उतरायचंय, हे प्रत्येकाला ठाऊक. त्यामुळे सुजलेला डोळा घेऊन माणूस येतो आणि सांगतो, 'खांदा लागला असेल.'

गुळाचा गणपती

आणि पाहणारा एकच! मैदानातला अंपायर एक. दोन फील्ड अंपायर थेट १९७६ ला आले. बाउंड्री अंपायर व्हीएफएलमध्ये १९०४ ला आले, त्याआधी बॉल बाहेर गेला की तो आत टाकायचं कामही त्या एकट्याचंच. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडएवढं मैदान आणि ३६ खेळाडू (१८९९ च्या आधी तर २०-२० म्हणजे ४०). या खेळात ऑफसाइड नाही, त्यामुळे माणसं सगळ्या मैदानभर जोड्याजोड्यांनी पसरलेली. अंपायर बॉलच्या मागे. बॉलपासून शंभर यार्डांवर फुलबॅक (गोलासमोरचा बचावपटू) आणि फुलफॉरवर्ड (त्याच्यासमोरचा, गोल मारणारा) एकमेकांच्या बरगड्या मोजत असले तर बघणार कोण? कुंपणाला टेकलेले प्रेक्षक. ते बघत आणि बोंबलत, पण त्यांची साक्ष कोण धरतो.

सीमारेषा

बरोबर. 'किंग हिट' हा शब्द याच अंधारातला. समोरच्याचं लक्ष नसताना, बहुधा मागून किंवा बाजूने मारलेला ठोसा. खेळाडूंमध्येही त्याला मान नव्हता. खांद्याने दिलेली समोरासमोरची जोरदार धडक वेगळी, ती आजही नियमांच्या चौकटीत असेल तर लोक टाळ्या वाजवतात. कोपर, मूठ आणि बूट या तीन गोष्टी आल्या की रिपोर्ट. त्यात बूट सगळ्यात वाईट. तळाला ठोकलेले चामड्याचे स्टॉप, त्यांचे खिळे वर आले तर मांडी फाडत.

जुनी_फाईल

१९१० वर या की. त्या वर्षी ग्रँड फायनलला मारामारी झाली आणि दोन कार्लटनवाल्यांना पाच वर्षं घरी बसवलं. 

बिनशिट्टीचा पंच

@जुनी_फाईल, दोन प्रकरणं एकत्र झालीत. नेहमी होतात, कारण क्लब एक, वर्ष एक आणि अंतर दोन आठवड्यांचं.

पहिलं प्रकरण लाचेचं. १७ सप्टेंबर १९१०, साउथ मेलबर्नविरुद्धची सेमी फायनल. सुरू व्हायच्या ऐन वेळी कार्लटनने तीन खेळाडूंना संघातून काढलं: अॅलेक्स लँग, डग फ्रेझर आणि डग गिलेस्पी. हरण्यासाठी पैसे घेतल्याचा संशय. चौकशीत गिलेस्पी सुटला, लँग आणि फ्रेझरला पाच वर्षं. नोंदींमध्ये हे ९९ सामने म्हणून मोजतात. मारामारीशी याचा काडीचा संबंध नाही.

दुसरं प्रकरण मारामारीचं. १ ऑक्टोबर १९१०, ग्रँड फायनल, एमसीजी (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड). कॉलिंगवुड ९.७ (६१), कार्लटन ६.११ (४७). नव्या वाचकांसाठी: पहिला आकडा गोल, प्रत्येकी ६ गुण, दुसरा बिहाइंड, प्रत्येकी १, कंसात एकूण. शेवटच्या क्वार्टरमध्ये कॉलिंगवुडचा जॅक शॉर्टन आणि कार्लटनचा जॅक बॅकी यांची जुंपली आणि बघता बघता दोन्ही संघ त्यात. अंपायर होता जॅक एल्डर. चौघांवर कारवाई झाली:

शॉर्टन (कॉलिंगवुड): १८ महिने
बॅकी (कार्लटन): १८ महिने
टॉम बॅक्स्टर (कॉलिंगवुड): १ वर्ष
पर्सी शीहन (कार्लटन): १ वर्ष

दोन्ही क्लबांना अगदी तराजूत तोलून. इतकी समान वाटणी खरोखरच्या मारामारीत होते का, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

जुनी_फाईल

बरोबर, माझी सरमिसळ झाली. म्हणजे मूठ उगारली तर दीड वर्ष आणि पाकीट घेतलं तर पाच. लीगला कशाची भीती जास्त होती ते यातून कळतंच.

गुळाचा गणपती

भीती बरोबरच होती. तेव्हा खेळाडू कागदोपत्री हौशी. पैसे देणं व्हीएफएलने अधिकृत केलं १९११ ला. त्याआधी टेबलाखालून सर्रास चाले, पण कागदावर पगार नाही म्हणजे त्यातून कापायला दंडही नाही. लीगच्या हातात एकच काठी, निलंबन. म्हणून त्या काळात 'दोन सामने' अशा किरकोळ शिक्षांसोबत 'अख्खा मोसम', 'आजीवन' अशी घाऊक शिक्षाही दिसते.

टिपणवही

टॉम बॅक्स्टरची गोष्ट अर्धीच सांगितलीत. सगळ्यात मजेचा भाग पुढे आहे. वर्षभराची शिक्षा झाल्यावर त्याच्याच क्लबचा रिचर्ड डेकिन पुढे आला आणि त्याने शपथेवर लिहून दिलं की ठोसा बॅक्स्टरने नाही, मी मारला. डेकिन तेव्हा खेळातून निवृत्त होत होता, म्हणजे त्याला निलंबित करून लीगला मिळणार काय? बॅक्स्टरची शिक्षा रद्द झाली आणि तो १९११ ला खेळला. डेकिन घरी.

आता हे खरंच चुकीच्या ओळखीचं प्रकरण होतं की कॉलिंगवुडने जाणाऱ्याच्या खांद्यावर येणाऱ्याचं ओझं टाकलं? मला दुसरं जास्त पटतं. पण लीगला पहिलं मान्य करावं लागलं, आणि त्याचं कारण कोणाची चलाखी नव्हे. १९१० मध्ये जर्सीवर नंबर नव्हते. व्हीएफएलमध्ये नंबर कायमचे आले १९१२ ला. म्हणजे अंपायरला चेहऱ्याने ओळखायचं. दोन्ही बाजूंचे डझनभर लोक एकमेकांत गुंतलेले, कॉलिंगवुडचे काळे-पांढरे उभे पट्टे सगळ्यांचे सारखे. शपथपत्र समोर आलं की अंपायरने छातीठोकपणे कसं म्हणायचं की नाही, बॅक्स्टरच?

सीमारेषा

धाग्याचा मुद्दा हाच होता, टिपणवहीने नेमका पकडला.

त्यात एक वस्तू लक्षात घ्या, कपडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बरेच खेळाडू कॅनव्हासचं बिनबाह्यांचं जाकीट घालत, समोर नाड्यांनी करकचून बांधलेलं. हेतू साधा, विरोधकाच्या मुठीत कापड येऊ नये. ओलं झालं की आणखी निसरडं. मग पकडणाऱ्याचा हात कापडावरून सुटतो आणि मान, दंड, जे सापडेल त्यावर जातो. माझा तर्क असा की 'मुद्दाम गळा धरला' आणि 'पकडताना हात सटकला' यातला फरक करणं त्या कपड्यांमुळे आणखी अवघड झालं असणार. तर्क आहे, पुरावा मागू नका.

हाफटाइम

दुखापतीचं गणित राहिलं. बदली खेळाडू! १९३० पर्यंत राखीव माणूसच नव्हता. एकोणिसावा माणूस व्हीएफएलमध्ये आला १९३० ला, तोही बदली म्हणून एकदाच. एकदा बाहेर गेलेला परत येणार नाही. विसावा माणूस १९४६ ला, आणि हवं तेव्हा आत-बाहेर करायची मुभा १९७८ ला.

आता त्याआधीचा हिशोब मांडा. पहिल्या क्वार्टरला समोरच्या संघाचा मुख्य रकमन (उडी मारून बॉल जिंकणारा उंच खेळाडू) आडवा केला. तो उठला नाही तर ते उरलेला सामना १७ जणांनी खेळणार. मारणाऱ्याला जास्तीत जास्त काय? आज फ्री किक, पुढच्या आठवड्यात सुनावणी. आजचा सामना तर हातात आला. नियमांनीच सौदा फायद्याचा करून ठेवला होता. बाहेर काढायची सोय नाही आणि बदली माणूस नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की असंच होणार. कोणी रागीट होता म्हणून नव्हे.

ग्रँड फायनल तर त्याहून सोपी. पुढचा सामना सहा-सात महिन्यांवर.

जुनी_फाईल

+१. आणि त्यामुळेच महिन्यांतली शिक्षा वाचताना फसायला होतं. ऑक्टोबर ते एप्रिल फुटबॉल नाहीच, क्रिकेटचा उन्हाळा. 'एक वर्ष' म्हणजे हातात पडतो एक मोसम. १९११ ला दहा संघ होते, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे १८ साखळी सामने. शिक्षांची तुलना करायची तर सामन्यांत करावी, महिन्यांत नाही.

टिपणवही

न्याय करायला बसायचे कोण हेही बघा. व्हीएफए (व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन, १८७७) असो की तिच्यातून १८९६ ला फुटलेली व्हीएफएल, जुन्या काळी क्लबांचे प्रतिनिधीच सगळं चालवत. वेळापत्रक तेच ठरवणार, खेळाडूंना क्लब बदलायची परमिट तेच देणार आणि खेळाडूंचा निवाडाही तेच करणार. आपल्या गल्लीतल्या मंडळाच्या कार्यकारिणीनेच कोर्ट भरवावं तसं. आज मी तुझ्या माणसाला सोडतो, पुढच्या महिन्यात तू माझ्या. स्वतंत्र ट्रिब्यूनल हवं ही मागणी आली ती यातूनच.

शिक्षा झालेला दुसऱ्या राज्यात जाऊन खेळू शकेल का, हाही प्रश्न होता. राज्याराज्यांच्या लीगांची मिळून कौन्सिल झाली तेव्हा एकमेकांची निलंबनं मानायचं ठरलं, आणि ती वाट बरीचशी बंद झाली.

बिनशिट्टीचा पंच

आणि अंपायरची सुरक्षा? १८९६ ला नॉर्थ मेलबर्नच्या मैदानावर कॉलिंगवुडने सामना जिंकल्यावर प्रेक्षक आत घुसले. अंपायर रॉबर्ट्स आणि त्याला वाचवायला गेलेले कॉलिंगवुडचे खेळाडू यांनी मार खाल्ला. बायकांनी टोपीच्या लांब पिनांनी भोसकल्याचंही वर्णन येतं. टोपीची पिन म्हणजे आपल्या अंबाड्यातल्या आकड्यासारखी नाजूक वस्तू नव्हे, वीतभर लांब पोलादी सुई. त्याच वर्षी आठ क्लबांनी वेगळी व्हीएफएल काढली, त्यात नॉर्थला घेतलं नाही. ते आत आले १९२५ ला.

हाफटाइम

आणि आल्या आल्या १९२५ लाच काय केलं! जिलाँगविरुद्ध कोरिओ ओव्हलवर तुफान हाणामारी, आणि नॉर्थच्या फ्रेड रटलीला आजीवन निलंबन. ते १९३० ला उठवलं, तोवर त्याचे ८९ सामने गेले होते. लँग आणि फ्रेझरचे ९९ लाचेचे होते. मैदानातल्या वागणुकीसाठी इतकी लांब शिक्षा व्हीएफएलमध्ये दुसरी सापडणार नाही.

'आजीवन' म्हणजे या लीगमध्ये साधारण पाच वर्षं, असं धरायला हरकत नाही. ;)

गुळाचा गणपती

लँगचंही तसंच. पाच वर्षं पूर्ण भोगून १९१६ ला कार्लटनकडून परत खेळला. तोवर महायुद्ध आलं होतं आणि लीगमध्ये चारच क्लब उरले होते: कार्लटन, कॉलिंगवुड, फिट्झरॉय, रिचमंड.

टिपणवही

चिथावणीबद्दल कोणी लिहिलं नाही. त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण १९३६ चं, गॉर्डन कॉव्हेंट्री. कॉलिंगवुडचा फुलफॉरवर्ड, १९२० पासून खेळणारा, एकदाही रिपोर्ट झालेला नाही. त्या मोसमात त्याच्या मानेवर गळवं आली होती. रिचमंडचा जो मर्डॉक त्याच्यावर खेळत होता आणि फटके नेमके त्या गळवांवर पडत होते. शेवटी कॉव्हेंट्रीने उलटून मारलं. ट्रिब्यूनलने मर्डॉकला ४ सामने दिले आणि कॉव्हेंट्रीला ८. म्हणजे ज्याने सुरू केलं त्याच्या दुप्पट.

कारण कळण्यासारखं आहे, पटण्यासारखं नसलं तरी. मानेवरचे फटके बॉलसाठीच्या झटापटीत लपतात, उलटून मारलेला ठोसा उघड्यावर दिसतो. अंपायर जे बघतो तेच लिहितो. कॉव्हेंट्री फायनलला मुकला, कॉलिंगवुड त्याच्याशिवाय जिंकलं. तो निवृत्त होणार होता, पण १९३७ ला परत आला आणि लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच.

जुनी_फाईल

याच्याशी जोडून ब्राउनलो पदक, मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूला अंपायरांच्या मतांवर मिळणारं. १९२४ पासून. लोक 'बेस्ट अँड फेअरेस्ट' म्हणतात, पण मूळ शब्दांचा क्रम 'फेअरेस्ट अँड बेस्ट', आधी सचोटी. निलंबित झालेला खेळाडू त्याला अपात्र. १९९७ ला क्रिस ग्रँटला सर्वाधिक मतं पडली तरी पदक मिळालं नाही, कारण त्या मोसमात एका सामन्याचं निलंबन. म्हणजे एका रिपोर्टची किंमत सामन्यांच्या आकड्याहून बरीच जास्त असू शकते.

हाफटाइम

'ब्लडबाथ' राहिलीच. १९४५ ची ग्रँड फायनल, कार्लटन वि. साउथ मेलबर्न. 'जुना काळ' म्हणायला थोडी अलीकडची, पण १९१० शी ताडून बघण्यासारखी. एमसीजी लष्कराच्या ताब्यात, त्यामुळे सामना कार्लटनच्याच प्रिन्सेस पार्कवर. ६२,९८६ लोक. कार्लटन १५.१३ (१०३), साउथ १०.१५ (७५).

कार्लटनच्या कॅप्टन बॉब चिटीला ८ सामने, साउथच्या जॅक विल्यम्सला १२, टेड व्हिटफिल्डला २१. कार्लटनचा फ्रेड फिट्झगिबन तर आधीच्या शिक्षेमुळे प्रेक्षकांत बसला होता. तो साध्या कपड्यांत कुंपण ओलांडून मारामारीत उतरला आणि आणखी ४ सामने घेऊन गेला. संघात नसलेल्या माणसाचा रिपोर्ट!

अवांतर: हा चिटी पुढे एका चित्रपटात नेड केली (ऑस्ट्रेलियातला कुप्रसिद्ध दरोडेखोर) झाला. निवड चुकली असं कोणी म्हणणार नाही.

सीमारेषा

१९१० ला चौघांवर कारवाई झाली. १९४५ ला त्याच्या दुपटीहून जास्त. मारामारी दुप्पट मोठी होती असं नाही, पकडणं सोपं झालं होतं. पाठीवर नंबर आले होते.

व्हिटफिल्डचं वागणं तर याचा पुरावाच. अंपायर त्याचा नंबर घ्यायला लागल्यावर त्याने काय केलं? जर्सी डोक्यावरून ओढून घेतली आणि पळाला, पाठीवरचा आकडा दिसू नये म्हणून. १९१० ला कोणाला हे करायची गरजच नव्हती.

बिनशिट्टीचा पंच

आणि डोक्यावर जर्सी घेऊन पळणारा माणूस ६३ हजारांत एकच असल्यामुळे ओळखायला आणखी सोपा.

गुळाचा गणपती

पोलीस केस होते का, असं मला व्यनित विचारलंय. होऊ शकते, पण क्वचित. १९८५ चं प्रसिद्ध प्रकरण आहे: हॉथॉर्नच्या ली मॅथ्यूजने जिलाँगच्या नेव्हिल ब्रन्सला बॉलपासून लांब मारलं. जबडा मोडला. अंपायरांनी रिपोर्टच केला नव्हता. लीगने चौकशी करून त्याची नोंदणी चार आठवड्यांसाठी रद्द केली, शिवाय पोलिसांनी खटला भरला. कोर्टाचा १००० डॉलर दंड पुढे अपिलात रद्द झाला. लीगने चौकशी केली नसती तर हेही 'खांदा लागला असेल' वरच मिटलं असतं.

टिपणवही

ज्यांना मूळ बातम्या वाचायच्या आहेत त्यांच्यासाठी. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह' वर मेलबर्नच्या 'आर्गस' आणि 'एज' या वृत्तपत्रांचे जुने अंक फुकट आहेत. काही खाचा:

आडनावाचं स्पेलिंग एक धरून बसू नका. बॅकीच्या आडनावात मधला 'सी' कधी असतो, कधी नसतो. दोन्ही शोधा.

यंत्राने वाचलेल्या मजकुरात बारीक टाइपाची वाट लागते, आणि खेळाचं पान बारीक टाइपातच असे. नावाने सापडलं नाही तर तारखेने पान उघडा. सामना शनिवारी, वर्णन सोमवारच्या अंकात, सुनावणी आठवड्याच्या मधल्या दिवसांत.

१८९७ च्या आधीचे स्कोअर वाचताना फक्त गोल मोजा. बिहाइंड छापलेले असतात, पण निकालात धरत नसत.

आणि बातमीत कोणाचं नाव न देता 'एक फॉलोअर' (बॉलमागे फिरणारा), 'एक बॅकमन' (बचावातला) असं असेल तर बातमीदाराला कळलं नव्हतं असं समजू नका. बहुतेक वेळा त्याला नीट माहीत असायचं.